शेठ आले की स्क्रीन उडते

१

माझ्या धाकट्या मुलाने, भास्करने, दुसरं लग्न केलं त्या वर्षातली ही गोष्ट. लग्न कार्तिकात झालं. नवी सून घरात रुळतेय तोवर सुरतेत थंडी पडली, आणि थंडीबरोबर आमच्या साडीच्या दुकानातली कटकट सुरू झाली.

जानेवारीच्या दोन तारखेला सकाळी मालक, वसनजीशेठ, चपला न काढता गादीपर्यंत आले. चौदा वर्षांत असं कधी झालं नव्हतं. हातात एक साडी होती. ती त्यांनी माझ्यासमोर टाकली.

"मुरली, ओळख."

वर काठ आणि अंगाचा थोडा भाग दिसत होता. मोरपंखी रंग, काठावर पोपटांची रांग, दोन पोपटांच्या मध्ये डाळिंबाचं फूल.

"आपली पोपटवाली," मी म्हटलं. "पण ती तर अजून छापायला जायचीय."

"आपली नाही. मार्केटच्या तिसऱ्या मजल्यावरच्या दुकानात टांगलेली होती. माणूस पाठवून विकत आणवली."

मी घडी मोडायला गेलो. शेठने ती माझ्या हातून ओढून घेतली, लोखंडी कपाटात टाकली आणि किल्ली खिशात घातली.

"पुरावा आहे. हाताळू नको."

तेव्हा कमूरता, म्हणजे अशुभ महिना, चालू होता. डिसेंबरच्या मध्यापासून उत्तरायणापर्यंत, म्हणजे संक्रांतीपर्यंत, शेठ नवा माल बाजारात काढत नसत. पोपटवालीचा एकच नमुना छापला होता, आणि तो रीतीप्रमाणे कमूरता लागायच्या आदल्या दिवशी माताजीच्या देवळात गेला होता. बाकी सगळं डिझाईन कॉम्प्युटरमध्ये. उत्तरायणानंतर लग्नसराईत हीच साडी चालायची होती. आता ती जुनी झाली होती.

शेठ गादीवर टेकले आणि हाताची बोटं मोजू लागले.

"जिगीषाने काढली. ब्रिजेशने साइटवर चढवली. अस्पी मशीन दुरुस्त करतो, त्याने पाहिली. नमुन्याची घडी तू घातलीस. चार माणसं."

चार बोटं मोजली. अंगठा मोजला नाही.

"माझंही नाव घेतलंत, बरं केलंत," मी म्हटलं.

"तू नाहीस. तुला कॉम्प्युटर चालू करता येत नाही." शेठने आतल्या काचेच्या खोलीकडे पाहिलं. तिथे जिगीषा मोठ्या स्क्रीनसमोर बसली होती. शेठचा आवाज खाली आला. "तू दारात बसतोस. तूच सांग. मी आत आलो की नेमकी त्याच वेळी त्या मुलीची स्क्रीन का उडते?"

मी खाली बघून घडी घालायला लागलो. कारण ते खरं होतं. मीही पाहिलं होतं.

२

दिवाळीनंतर दुकान उघडतं त्या लाभपाचमेला दुकानात तीन नव्या गोष्टी आल्या. तिन्ही शेठच्या भाच्याने, ब्रिजेशने आणल्या.

पहिली ती मोठी स्क्रीन. जुनीवर साडी दिसायची. हिच्यावर साडीतला धागा दिसायचा. दुसरी म्हणजे डिझाईनची साइट. पूर्वी डिझाईनं एका जुन्या प्रोग्रॅममध्ये असत, आता सगळी ब्राउझरमध्ये उघडत. सकाळी एकदा तो ब्राउझर उघडला की दुकान बंद होईपर्यंत उघडाच राही. तिसरी गोष्ट चाकांची, उंची खालीवर होणारी खुर्ची. त्याआधी जिगीषा लाकडी स्टुलावर बसायची. खुर्ची मळू नये म्हणून शेठने मला सांगितलं आणि मी उरलेल्या साडीचं छान झालरीचं कव्हर शिवून घातलं.

कॉम्प्युटरचा डबा मात्र पूर्वीपासून खोलीच्या दुसऱ्या टोकाला, लाकडी कपाटात. बाहेर ठेवला तर कापडाची कुसं महिन्याभरात त्याचा श्वास कोंडतात. तिथून एक लांबलचक केबल जमिनीवरून, खुर्चीखालून स्क्रीनपर्यंत जायची.

स्क्रीनचं तोंड दाराकडे होतं आणि जिगीषाची पाठ. मी दारात साड्यांच्या घड्या घालत बसायचो. अकरा वाजता शेठ यायचे. मी म्हणायचो, "या शेठ, जय श्रीकृष्ण." ते ऐकून जिगीषा उठून मागे वळायची आणि हात जोडायची. आणि तिच्या पाठीमागे स्क्रीन एकदा लुकलुकायची, काळी व्हायची, दोन आकडे मोजेपर्यंत काळी राहायची, आणि परत यायची.

शेठना त्यात एकच अर्थ दिसत होता. मी आलो, पोरीने काहीतरी लपवलं.

त्या दुपारी डबा खाताना मी तिला विचारलं.

"स्क्रीन उडते तेव्हा काय करत असतेस गं?"

"काका, तुम्हीसुद्धा?" तिने भाकरी खाली ठेवली. "अहो, माझ्यासमोर ती कधीच उडत नाही. दोन महिने बसतेय. एकदासुद्धा नाही."

"मी पाहिलंय."

"शेठनी पाहिलंय, ब्रिजेशभाईंनी पाहिलंय, तुम्ही पाहिलंय. फक्त मी नाही. म्हणजे एकतर मी आंधळी, नाहीतर खोटारडी."

"शेठसमोर असं बोललीस?"

"हेच बोलले. ते म्हणाले, बघा, किती सराईतपणे बोलते."

ती चिडून हसली. ओढणीला चिकटलेली कुसं झटकत होती. ती पडत नव्हती, बोटांना चिकटून परत ओढणीवर येत होती. शेवटी तिने नाद सोडला आणि मला लोणच्याची बरणी दिली. बरणी घेताना माझ्या बोटाला चटका बसला.

"थंडीत मी अशीच असते," ती म्हणाली. "आईसुद्धा म्हणते, तुला हात लावायची भीती वाटते."

मी त्यावर हसलो. तिथेच डोकं चालवायला हवं होतं. नाही चालवलं.

संध्याकाळी ब्रिजेशने एक जाड पाकीट आणून दिलं. शेठ म्हणाले, "मुरली, हे पेटीत ठेव. उत्तरायणाच्या आदल्या दिवशी मार्केटमध्ये वाटायचंय."

मला वाचता येत नाही असंच शेठ अजून धरून चालले होते. पाकीट उघडं होतं. मी एक कागद काढला आणि अक्षराला अक्षर लावत वाचला. जिगीषाचं पूर्ण नाव होतं. डिझाईनची चोरी करताना सापडल्यामुळे काढून टाकल्याचं लिहिलं होतं. खाली मार्केटमधल्या दोनशे दुकानदारांना विनंती होती की तिला कुणी कामावर ठेवू नये.

ती अक्षरं मला साठाव्या वर्षी शिकवली होती जिगीषानेच. रोज डब्यानंतर अर्धा तास, साडीच्या पेट्यांवरची नावं दाखवून.

३

अस्पी मशीनवाला पन्नाशीचा पारशी. काम बरं करायचा, पण त्याआधी आणि नंतर फार बोलायचा. पहिला दिवस त्याने ब्राउझरला शिव्या देण्यात घालवला.

"मुरलीकाका, हा ब्राउझर म्हणजे आळशी जावई. स्वतः काही रंगवत नाही. चित्र रंगवायचं काम ग्राफिक्स कार्डावर ढकलतो. दोघांचं भांडण झालं की स्क्रीन उडते. मी ते ढकलणंच बंद केलंय. आता स्वतः रंगव म्हणावं."

"मग आता उडणार नाही?"

"उडली तर माझं नाव बदल."

तो दोन तास समोर बसून राहिला. चाकांच्या खुर्चीत त्याची कंबर धरायची, म्हणून माझं लोखंडी स्टूल घेऊन बसला. स्क्रीन हलली नाही. तो गेला. दुसऱ्या दिवशी अकराला शेठ आले, जिगीषा उठली, स्क्रीन उडली.

"नवीन नाव काय ठेवू?" मी फोनवर विचारलं.

तो परत आला. ब्राउझर नवा करून घातला. काही होईना. दुसराच ब्राउझर घातला. साइट त्यात वेडीवाकडी दिसायला लागली, आणि अकराला स्क्रीन उडली ती उडलीच. कार्डाचा प्रोग्रॅम जुना घातला, मग नवा घातला. प्रत्येक वेळी दोन तास स्टुलावर बसून बघायचा. त्याच्यासमोर स्क्रीन शहाण्या सुनेसारखी वागायची.

"हिला माणूस कळतो," तो वैतागून म्हणाला. "मला बघितलं की ठीक. शेठना बघितलं की झटका."

"शेठही तेच म्हणतात. फक्त ते स्क्रीनबद्दल नाही म्हणत."

अस्पीने बडबड न करता सामान आवरलं. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच.

पाचव्या दिवशी त्याने स्क्रीनचा बारकावा कमी केला. चित्र चौपट जाडं झालं. आणि नवल म्हणजे अकराला शेठ आले, जिगीषा उठली, स्क्रीन शांत.

"झालं," अस्पी म्हणाला. "एवढं बारीक चित्र ब्राउझरला झेपत नव्हतं."

"आणि मला धागा कसा दिसणार?" जिगीषा म्हणाली. "पोपटाचा डोळा आता वाटाण्याएवढा दिसतोय. यावर डिझाईन काढण्यापेक्षा जुनी स्क्रीन काय वाईट होती?"

शेठ दारातून ऐकत होते. ते आत आले आणि शांतपणे म्हणाले, "स्क्रीन नीट झाली तर ही म्हणते परत बिघडवा. अस्पी, आणखी काही सांगायचं राहिलंय?"

अस्पीने कपाळाला हात लावला. जिगीषा परत खुर्चीत बसली. तिने फक्त बारकावा पूर्वीसारखा केला आणि कामाला लागली. आठ तारीख होती. पाकीट बाहेर पडायला पाच दिवस उरले होते.

४

माझा संशय ब्रिजेशवर होता. लपवून काय करू. त्याला मी खालच्या चहाच्या टपरीवर तिसऱ्या मजल्यावरच्या दुकानदाराशी बोलताना दोनदा पाहिलं होतं. शिवाय जिगीषा डबा खायला उठली की तो त्याच खुर्चीत बसायचा, आणि त्याच्या वेळी स्क्रीन कधी उडायची नाही. शेठ आले तरी नाही.

मी त्याला सरळच विचारलं. वय झालं की तेवढं चालतं.

"त्या माणसाशी तुझं काय चालतं रे?"

तो इकडेतिकडे बघत म्हणाला, "मामाला सांगू नका. नोकरी मागतोय. एक केबल विकत घ्यायची तरी मामाला चारदा विचारावं लागतं. म्हणतात, स्वस्तातली आण, लांब आण. आणली स्वस्तातली. आता दोन महिने मामा, अस्पी आणि तुम्ही, सगळे माझ्या साइटला नावं ठेवताय."

"पोपटवाली तू दिलीस त्याला?"

"काका, मी देणार असतो तर सगळी फाइल देऊन तिथे नोकरीला लागलो असतो. नोकरी मिळाली का? अजून तुमच्या घड्या मोजतोय."

राग आला तरी बोलणं खरं वाटत होतं.

"एक सांग. शेठ आले की तू का उठत नाहीस?"

"सख्खा भाचा आहे. रोज काय उठायचं? ती उठते तेवढं पुरे नाही का?"

मी तिथून निघालो, आणि अर्ध्या जिन्यात थांबलो. ती उठते. हा उठत नाही. अस्पी स्टुलावर बसतो. जिगीषा उठताना मागे वळते, म्हणून तिला उडलेली स्क्रीन दिसत नाही. डबा खायला उठते तेव्हाही पाठ फिरवूनच उठते, आणि आम्ही सगळे डब्याकडे बघत असतो.

स्क्रीन शेठना बघून उडत नव्हती. जिगीषा खुर्चीतून उठली की उडत होती.

पण माणूस उठल्याने स्क्रीनला काय होतं, हे काही मला कळेना. आणि कळलं असतं तरी साडी चोरीला गेली ती गेलीच होती. तेवढ्याने पाकीट थांबणार नव्हतं.

५

बारा तारखेला शेठ जेवायला घरी गेले आणि कपाटाची किल्ली गादीवर विसरले. त्या वयात चोरी केली म्हणा. मी ती साडी काढली आणि पूर्ण उलगडली.

अंग तेच. काठ तोच. डाळिंबाचं फूल तेच. मग पदर आला आणि माझे हात थांबले.

आमच्या पोपटवालीच्या पदरावर पायऱ्यांची विहीर होती, आणि विहिरीत उतरणारे पोपट. जिगीषाने त्याच्यावर वीस दिवस घालवले होते. या साडीच्या पदरावर नुसते आडवे पट्टे होते.

ज्याने फाइल चोरली, त्याला पदरही मिळाला असता. फाइलमध्ये अंग, काठ, पदर तिन्ही एकत्र असतात. पदरासाठीच तर साडी विकली जाते. तो सोडून कोण काठ चोरेल? ज्याने पदर पाहिलाच नाही, तोच.

अंग आणि काठ बघितला, पण पदर नाही. असा कोण? घरी येईपर्यंत हाच प्रश्न घोकत होतो.

गिरजा, माझी बायको, ओट्यावर बसून मोबाइल बघत होती. देवळाच्या ग्रुपवर रोजच्या दर्शनाचा फोटो येतो, तो ती सकाळी बघते, आणि मग संध्याकाळी परत बघते.

"आज डोकं कुठंय?" ती म्हणाली.

"साडीत."

"साडीत तर जन्म गेला. त्यात आज नवीन काय? त्या दिवशी माताजी तुमच्या दुकानाची साडी नेसली होती, तेव्हा तर बघितलीसुद्धा नाही तुम्ही. मी किती वेळा म्हटलं, बघा, बघा."

मी मोबाइल घेतला. तिने मागे मागे जाऊन डिसेंबरचा फोटो काढला. माताजीच्या अंगावर मोरपंखी साडी. पुढे निऱ्या, निऱ्यांवर काठ, काठावर पोपट. गिरजाने दोन बोटांनी फोटो मोठा केला, तर डाळिंबाच्या पाकळ्या मोजता आल्या.

"पदर दाखव," मी म्हटलं.

"माताजीचा पदर कसा दिसेल? पाठीमागे भिंतीला असतो."

मी मोबाइल तिच्या हातात परत दिला. हा फोटो त्या सकाळी किती हजार लोकांनी पाहिला असेल? त्यात मार्केटमधले किती? आणि तिथून उत्तरायणापर्यंत एक महिना, ज्यात शेठ हात बांधून बसलेले.

हे शेठना सांगायचं कोणी? चौदा वर्षं मी त्यांचं मीठ खाल्लं होतं. माताजीला पहिली साडी द्यायची रीत त्यांच्या वडिलांपासूनची.

"उद्या मला थोडं लवकर जायचंय," मी म्हटलं.

"जा," गिरजा म्हणाली. "पण स्वेटर काढून ठेवा तेवढा. अंगाला हात लावला तर चटका बसतो. तुमच्या त्या शेडमध्ये बसायचा ना, तसा."

शेड. मी उभाच राहिलो.

अठरा वर्षं मी सुताच्या शेडमध्ये ताणे भरले. थंडी पडली की पॉलिस्टरचं सूत अंगातल्या विजेने फुलायचं, केसांसारखं उभं राहायचं, लोखंडाला हात लावला की ठिणगी उडायची. मुकादम सकाळी पहिलं काम सांगायचा, जमिनीवर पाणी मारा. पाणी मारलं की सूत गप्प बसायचं.

जिगीषा अंगभर पॉलिस्टर घालायची, दुकानातलंच. बसायची ती पॉलिस्टरच्या कव्हरवर. त्या खुर्चीत एक लोखंडी नळी, आणि नळीखालून ती स्वस्तातली केबल.

आणि कव्हर मी शिवलं होतं.

६

तेरा तारखेला सगळे जमले. उत्तरायणाच्या आदल्या दिवशी मार्केटमध्ये कुणाचं कामात लक्ष नसतं. अर्धे लोक मांजा घ्यायला गेलेले. शेठ अकराला यायच्या आधीच मी अस्पीला आणि ब्रिजेशला थांबवून ठेवलं होतं. पाकीट शेठच्या गादीशेजारी होतं.

"शेठ," मी म्हटलं, "ते वाटायच्या आधी पंधरा मिनिटं द्या."

"मुरली, तुला वकील कधीपासून केला?"

"तुम्हीच सांगितलं होतं, दारात बसतोस, तूच सांग. सांगतो. आधी अस्पी, तो ब्राउझर बंद कर."

"बंद?"

"पूर्ण. काही उघडं ठेवू नको."

अस्पीने बंद केला. स्क्रीनवर नुसता निळा रंग उरला. मी जिगीषाला म्हटलं, "बस. दहा मिनिटं नेहमीसारखी बस, हलत-डुलत. शेठ, तुम्ही बाहेर जाऊन या. आणि बाकीच्यांनी स्क्रीनकडे बघायचं, दुसरीकडे नाही."

शेठ पुटपुटत बाहेर गेले. आत आले. मी म्हटलं, "या शेठ, जय श्रीकृष्ण." जिगीषा उठली, वळली, हात जोडले.

स्क्रीन लुकलुकली, काळी झाली, परत आली.

"ब्राउझर बंद होता," ब्रिजेश हळूच म्हणाला. त्याने हे दोनदा म्हटलं. त्याचे दोन महिने त्या एका वाक्यात होते.

मी खुर्चीचं कव्हर ओढून काढलं. ते सुटताना चर्र आवाज झाला आणि त्याच्या झालरी माझ्या हाताला येऊन चिकटल्या. "आता परत."

शेठ परत बाहेर गेले, परत आले. जिगीषा उठली. स्क्रीन हलली नाही. मग मी कव्हर पुन्हा घातलं आणि त्यावर तांब्याभर पाणी शिंपडलं.

"काका, मी ओल्यावर बसू?" जिगीषा म्हणाली.

"तुझ्या नावासाठी बस."

ती बसली. उठली. स्क्रीन शांत.

अस्पी एव्हाना जमिनीवर पालथा पडून केबल चाचपत होता. "अरे देवा," तो तिथूनच म्हणाला. "बारा हात लांब. आत जाळीचं वेष्टणही नाही. एवढं बारीक चित्र ही कशीबशी वाहते, डोक्यावर काठोकाठ भरलेली घागर घेऊन चालल्यासारखी. शेजारी ठिणगी पडली की हिचा तोल जातो. चित्र जाडं केलं की घागर पाव भरलेली, मग सांडणार काय? मी ब्राउझरचं आतडं बाहेर काढलं, आणि रोग पायाखाली होता."

"ठिणगी कुठली?" शेठने विचारलं.

"कव्हरची," मी म्हटलं. "सुताच्या शेडमधलीच. ती उठली की पॉलिस्टर पॉलिस्टरपासून सुटतं आणि वीज नळीतून उडी मारते. कव्हर मी शिवलं. थंडीत काय होतं ते मला माहीत होतं, तरी शिवलं. स्क्रीन मी उडवली, शेठ. आणि ती उठत होती तुमच्या मानासाठी. न उठणाऱ्याची स्क्रीन शाबूत राहिली."

ब्रिजेश खाली बघायला लागला.

शेठने ओलं कव्हर हाताने चाचपलं. मग म्हणाले, "बरं. स्क्रीन तू उडवलीस. साडी कोणी उडवली?"

मी त्यांना म्हटलं कपाट उघडा. त्यांनी उघडलं. मी साडी त्यांच्याच हाताने उलगडायला लावली, पदरापर्यंत. शेठ चाळीस वर्षं साड्या विकत आलेले. त्यांना सांगावं लागलं नाही. पट्ट्यांवरून त्यांनी बोट फिरवलं आणि जिगीषाकडे पाहिलं.

"विहीर कुठंय?"

"माझ्याकडे आहे," जिगीषा म्हणाली. "कुणी मागितलीच नाही."

मग मी गिरजाचा मोबाइल काढला. तो मागून आणला होता. फोटो शेठसमोर धरला. गिरजाने शिकवलं होतं तसा दोन बोटांनी मोठा केला. निऱ्या, काठ, पोपट, डाळिंब.

ते बघत राहिले. बाहेर कुणीतरी पतंगांचा गठ्ठा घेऊन ओरडत गेला.

"तारीख?" त्यांनी विचारलं.

"पंधरा डिसेंबर. सकाळचं दर्शन."

"मी स्वतः नेऊन दिली होती." आवाज कुणाला दोष देणारा नव्हता, स्वतःलाही नाही. "पदर पाठीमागे जातो आणि काठ सगळ्यांना दिसतो, हे माझ्या लक्षातच आलं नाही."

त्या दिवशी त्यांनी चार बोटं मोजली होती. मी त्यांच्या अंगठ्याकडे पाहिलं. त्यांनीही पाहिलं.

७

शेठ माफी मागणाऱ्यातले नव्हते. त्यांनी पाकीट उचललं आणि मला दिलं. "मुरली, हे फाड. बारीक फाड. तुला वाचता येतं ना? मग तुझ्यासमोर एकही अक्षर राहायला नको." म्हणजे त्यांना ते माहीत झालं होतं, कधीतरी, कसंतरी.

मग जिगीषाला म्हणाले, "त्या विहिरीचं पुढे काय? साडी नव्या काठाने काढता येईल?"

"आठ दिवस द्या. आणि चांगली केबल."

"ब्रिजेश," शेठ म्हणाले, "केबल आण. मला विचारू नको."

जिगीषाने ओढणी सारखी केली. राग गेलेला नव्हता, आणि तो जावा असं मलाही वाटत नव्हतं. ती म्हणाली, "शेठ, तुमच्यासाठी मी सहा वर्षं उठतेय. एकदा तरी विचारायचं होतं."

शेठने मान हलवली. तेवढंच.

उत्तरायणानंतर दुकान उघडलं तेव्हा केबल नवी होती आणि खुर्चीला कव्हर नव्हतं. अकराला शेठ आले. मी "या शेठ" म्हणायच्या आत त्यांनी दारातूनच हात वर केला.

"बसून राहा, बेन."

सहा वर्षांत त्यांनी तिला पहिल्यांदा बेन, म्हणजे ताई, म्हटलं. ती अर्धी उठली होती, तशीच पूर्ण उठली. स्क्रीन हलली नाही. पुढे रोज हेच. ते म्हणायचे बसून राहा, ती उठायची, आणि दोघंही एकदा स्क्रीनकडे बघायचे. विहिरीची साडी नव्या काठाने निघाली आणि दोन लग्नसराया चालली. ब्रिजेश तिसऱ्या मजल्यावर गेला नाही. पहिली साडी माताजीला जाते ती रीत शेठने सोडली नाही. फक्त माल बाजारात निघतो त्या दिवशीच सकाळी ती देवळात जाऊ लागली.

उन्हाळ्यात शेठना दम लागायला लागला. जिने चढून येताना वाटेत दोनदा थांबायचे. ज्येष्ठातल्या एका बुधवारी अकरा वाजले आणि दारात कुणी आलं नाही. मी काही म्हटलंही नव्हतं. तरी सवयीने जिगीषा खुर्चीतून उठली, वळली, हात जोडले, आणि मोकळ्या दाराकडे बघत उभी राहिली. मी तिच्या मागची स्क्रीन पाहिली. विहिरीतले पोपट जिथल्या तिथे होते. ब्रिजेशचा फोन त्यानंतर आला.

वसनजीशेठ ज्येष्ठ वद्य पंचमीला, बुधवारी, सकाळी साडेदहा वाजता घरीच वारले.